पहिलं ‘नको’

गुलबर्ग्यात मी खोली शोधत होते, तेव्हा प्रत्येक दारात पहिला प्रश्न आडनावाचा असायचा. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. एका घरात तर ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी लटकत असताना माझ्या डोळ्यांसमोर ती खोली गेली. हिंडून हिंडून पायांचे तुकडे पडले तेव्हा स्टेशनच्या अलीकडच्या एका गल्लीत मी पोचले. दारात एक ठेंगण्या बाई सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

“चहा किती येळा पितीस?”

“दोनदा,” मी म्हटलं.

“भाकरी गरमच लागती का?”

“नाही. कशीही चालते.”

“मग ये की आत. पायरी बघून चढ, हललीय ती.”

झाली मुलाखत. खोली आणि दोन वेळचं जेवण, दोन्ही मला मिळालं. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणू लागले. मी एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची, आणि उष्णता कशी वाया जाते याचा धडा दरवर्षी फळ्यावर घ्यायची. तो धडा मला खरा समजला तो अक्कांच्या स्वयंपाकघरात.

चहा मला दोनदा मिळायचा, यात फसवणूक नव्हती. फक्त दोन्ही चहा सकाळीच व्हायचे. संध्याकाळचा फ्लास्कमध्ये बसून माझी वाट बघायचा. मी शाळेतून यायची तोवर त्याला फ्लास्कच्या बुचाची चव आलेली असायची. “पातेलं दोनदा तापवायचं म्हंजे काय गॅसवाल्याचं घर बांधायचं हाय का?” असं अक्कांचं म्हणणं. गॅसची टाकी महाग झाली तेव्हापासून त्या तिला टाकी म्हणत नसत. “म्हातारीला उठवू नको, आत्ताच निजवलीय,” म्हणायच्या. मला पहिले काही दिवस वाटत होतं, घरात खरंच कुणी म्हातारी आहे.

आपल्याकडं पाहुण्याला चहा विचारण्याची एक रीत आहे. यजमान विचारतो, पाहुणा ‘नको’ म्हणतो. यजमान पुन्हा विचारतो, पाहुणा ‘कशाला उगीच त्रास’ म्हणतो. तिसऱ्यांदा यजमान न विचारताच आधण ठेवतो आणि पाहुणा ‘बरं, अर्धा कप’ म्हणून पूर्ण कप पितो. पहिलं ‘नको’ हे खरं नसतं, हे आपल्याकडं रांगत्या लेकराला कळतं. अक्कांनी ही रीतच मोडीत काढली होती. त्या अगदी प्रेमानं, मान वाकडी करून विचारायच्या, “चहा करू का?” पाहुणा सवयीनं म्हणायचा, “नको.” अक्का म्हणायच्या, “बरं.” आणि पुढच्या गप्पा सुरू. पाहुणा दुसऱ्या विचारण्याची वाट बघत तासभर बसायचा, घसा कोरडा करून घ्यायचा आणि उठून जायचा. जाताना त्याला तक्रारही करता यायची नाही, कारण विचारलं तर होतंच. जुने लोक शहाणे झाले होते, ते पहिल्यांदाच ‘हो’ म्हणायचे. पण जुने लोक यायचेच कमी.

मला ही गोष्ट जरा जास्तच टोचायची, त्याला कारण आहे. आम्ही राजेश्वरचे. गाव शेतीचं, पण आमच्या घराला रान नाही. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली की सगळं गाव टोपल्या डोक्यावर घेऊन रानात जेवायला जायचं आणि आमच्या गल्लीत शुकशुकाट व्हायचा. कुणी बोलवायचंही, पण तिथं पंगत वेगळी, बांधाच्या अलीकडं. म्हणून आईनं आम्हाला शिकवलं होतं की कुणी विचारायच्या आत ‘नको’ म्हणायचं, आणि हसून म्हणायचं. ते ‘नको’ माझ्या तोंडात इतकं बसलंय की आजही आधी ते बाहेर पडतं, भूक मागून कळते.

असो. अक्कांच्या युक्त्या सांगायच्या राहिल्या.

तवा पंधरा दिवसांतून एकदाच तापायचा. त्या दिवशी सकाळी बसून अक्का ज्वारीच्या पातळ भाकरी थापायच्या, त्या वाळवून कडक करायच्या आणि डब्यात रचायच्या. मग पंधरवडाभर आम्ही त्या मोडून खायचो, शेंगाच्या चटणीशी, दह्याशी, आणि कच्च्या मेथीशी. मेथी शिजवणं हा अक्कांच्या मते मेथीचाही अपमान होता. शेजारच्या घरात चपात्या सुरू झाल्याचा वास आला की अक्का वाटीत शेंगदाणे घेऊन तिकडं हजर. “तुझा तवा आता उतरणारच हाय न्हवं? गरम हाय तवर एवढं भाजून दे. तव्याला तरी कुठं गार व्हायचंय!” अंघोळीचं पाणी गच्चीवर काळ्या रंगवलेल्या घागरीत तापायचं. गुलबर्ग्याचं ऊन ही देवानं दिलेली आणि अजून कुणी भाव न लावलेली एकच गोष्ट आहे, असं त्या म्हणायच्या. बायकांना सरकारी बस फुकट झाली तशी त्यांनी हुमनाबादच्या नणंदेची विचारपूस वाढवली. ती विचारपूस बरोबर जेवणाच्या वेळेला पोचायची.

पण सगळ्यांत मोठी युक्ती म्हणजे गोधडी. डाळ धुऊन, भिजवून एक उकळी आणायची, झाकण दाबून गॅस बंद करायचा आणि ते पातेलं पलंगावर नेऊन दोन गोधड्यांत गुंडाळून झोपवायचं. दुपारपर्यंत डाळ आपोआप मऊ. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमच्या घरी अंथरुणात काय आहे ते पाहून पाय पसरावे लागत.

त्या गोधडीनंच घात केला.

अक्कांचा मुलगा पुण्यात एका कंपनीत होता. त्याची सासू, म्हणजे अक्कांच्या विहीणबाई, उदगीरच्या. दसरा होऊन दोनचार दिवस झाले असतील, त्या न कळवता आल्या. जाडजूड बाई, काठापदराची साडी, आणि प्रवासानं आंबलेल्या. आल्या त्या थेट पलंगावर बसल्या. डाळीला चिकटूनच.

“चहा करू का?” अक्कांनी विचारलं.

“नको बाई, कशाला!” विहीणबाई म्हणाल्या.

“बरं,” अक्का म्हणाल्या.

मी दारात उभी राहून ओठ चावत होते. विहीणबाई दुसऱ्या विचारण्याची वाट बघत जरा मागं सरकल्या आणि गोधडीला टेकल्या. टेकल्या आणि थबकल्या.

“अक्का, ही गादी गरम कामून हाय?”

“तुमी येनार म्हनून ऊबवून ठेवलीय,” अक्का पापणी न हलवता म्हणाल्या.

“म्या येनार तुमाला काय म्हाईत?”

“चाहूल लागली होती सकाळपासून.”

विहीणबाईंना बरं वाटलं. कंबर दुखत होती, शेक मिळत होता. त्या आणखी रेलल्या. इकडं जेवणाची वेळ झाली आणि आमचं जेवण विहीणबाईंच्या पाठीखाली. अक्का कधी म्हणायच्या, “चला, गच्ची दाखवते,” कधी म्हणायच्या, “पाय मोकळे करा की.” विहीणबाई हलायला तयार नाहीत. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. “ही कोन? आडनाव काय हिचं?”

मी दारातच अर्धं पाऊल मागं घेतलं. अक्का म्हणाल्या, “ही? ही दोन येळा चहावाली. तेवढंच विचारलंय म्या. तुमी किती येळा पिता?”

“तीनदा,” विहीणबाई घोटभर आशेनं म्हणाल्या.

“मग तुमचं आमच्यात जमायचं न्हाई,” अक्का म्हणाल्या आणि हसल्या. विहीणबाईही हसल्या, आणि हसता हसता पाठीनं असा काही रेटा दिला की झाकण सरकलं. विहीणबाई किंचाळून उठल्या. काठापदराच्या साडीवर कंबरेखाली पिवळी धमक तुरीची डाळ, चांगली शिजलेली.

“माय गं! अंथरुनात वरण?”

“शिजलंय का बघा बरं,” अक्का म्हणाल्या.

विहीणबाईंनी ते बघितलं नाही. त्यांनी थेट लेकीला पुण्याला फोन लावला, की तुझी सासू वाया गेली, पलंगावर स्वयंपाक करायलीय. संध्याकाळी मुलाचा अक्कांना फोन आला. मी तिथंच बसून बुचाच्या चवीचा चहा पीत होते. फोनचा आवाज अक्का मोठा ठेवायच्या, त्यामुळं दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

“अव्वा, हे काय चाललंय? आन् ऐक, औंदा येळवस करू नको. इकडं काय खरं न्हाई. पगार कापलाय, मानसं काढायलेत. गावजेवन घालायचे दिवस न्हाईत हे.”

अक्कांचं निर्णा गावात थोडं रान होतं, बटईनं दिलेलं. वर्षभर त्या रानाकडं त्यांचं लक्ष नसायचं. पण येळवशीला त्या तिथं जायच्या आणि रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्यांना जेवायला घालायच्या. हे मला तोवर माहीतच नव्हतं. चहासाठी हात आखडणारी ही बाई गावजेवण घालते, हे ऐकून मला ठसकाच लागला.

अक्कांनी पदर कमरेला घट्ट खोचला. मग म्हणाल्या, “तुझ्याकडं मागितलाव का म्या? माझ्या म्हातारीवर करीन.”

“कुठली म्हातारी?”

“दसऱ्याला लावलेली टाकी. हिच्यावरच रोजचं बी करीन आन् येळवशीचं बी करीन.”

मुलगा हसला. “दोन महिने पुरती ती टाकी. येळवस कुठं आन् तू कुठं!”

“पुरली तर?”

“पुरली तर कर की. पर मी येऊन सोता पेटवून बघनार. नाही पेटली तर पुढल्या वर्षापासून येळवस बंद. आन् तू पुण्याला यायचं.”

“ठरलं,” अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला. फोन ठेवल्यावर मात्र त्या माझ्याकडं वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “बोलून तर बसलाव गं,” त्या म्हणाल्या. “आता?”

चूल मांडायची सोय नव्हती. अक्कांनी एकदा परसात तुराट्या जाळल्या होत्या, तेव्हा शेजारणीच्या दोरीवरची चार घरची धुणी काळी झाली होती आणि अक्कांना शपथ घ्यावी लागली होती. तेव्हा जे काय करायचं ते म्हातारीवरच.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात गमतीचे गेले, आणि कडक गेले. डाळ आता पलंगावर न झोपता गव्हाच्या कणगीत झोपू लागली, वरून गोधड्या होत्याच. भात आठवड्यातून एकदा. पोहे भिजवून कच्चे. दूध तापायचं त्याच पातेल्यात, त्याच आचेवर चहा व्हायचा, आणि त्याच वाफेवर दोन बटाटे उकडायचे. मी शाळेत मुलांना काळा रंग ऊन जास्त शोषतो हे शिकवत होते, तर एका रविवारी मीच गच्चीवर चढून डाळीचं पातेलं बाहेरून काजळीनं माखलं आणि वर काच ठेवली. अक्का दर थोड्या वेळानं वर येऊन काचेतून बघायच्या. संध्याकाळी डाळ शिजली. अक्कांनी तिला चव घेण्याआधी हात जोडले. मी असं ऐकलंय की प्रेम माणसाला आंधळं करतं. माझी अक्कांवर माया बसली ती काजळीनं काळे झालेले हात घेऊन, डोळे उघडे ठेवून.

दर पंधरवड्याला भाकरी करताना अक्का थोड्या जास्त करायच्या आणि त्या वेगळ्या डब्यात ठेवायच्या. एक डबा भरला, दुसरा भरला. येळवशीच्या भाकरी अशा थोड्या थोड्या, पंधरवड्याच्या तापलेल्या तव्यावर आधीच होत होत्या. मला पत्ताच नव्हता.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी अक्कांनी भज्जीला हात घातला. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. ओली तूर, हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, चिंच, बेसन, रानात जे जे पिकतं ते सगळं एका पातेल्यात. दोन मोठी पातेली होती. पहिल्याला उकळी आली. दुसरं चढवलं, आणि ज्योत निळ्याची पिवळी झाली आणि बारीक झाली. अक्कांनी टाकी उचलून हलवून बघितली.

“निजायलीय गं म्हातारी,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या पातेल्याच्या कडेला नुसते बुडबुडे धरायला लागले होते तेव्हा अक्कांनी गॅस बंद केला. “अक्का, कच्चं राहील!” मी ओरडले. “उद्या पेटवून बघनार हाय न्हवं त्यो. एक काडी तरी ऱ्हाऊ दे हिच्यात,” त्या म्हणाल्या. आणि घरातल्या सगळ्या गोधड्या काढायला लागल्या. त्यांच्या, माझ्या, पाहुण्यांच्या. मग गल्लीत गेल्या आणि शेजारणींच्याही आणल्या. त्यांतल्या एकीचं म्हणणं पडलं की वास लागेल. अक्का म्हणाल्या, “लागू दे की, थंडीत तेवढंच पोट भरंल.” डिसेंबरच्या थंडीत मी स्वेटरवर स्वेटर घालून निजले, आणि माझी गोधडी भज्जीला घेऊन निजली. तिला चिंचेचा वास अजून आहे.

सकाळी झाकण उघडलं. दोन्ही पातेली शिजली होती. अक्कांनी माझ्या गालावरून नुसता हात फिरवला.

आम्ही पहिल्या बसनं निघालो. गोधड्यांत गुंडाळलेली दोन पातेली सीटवर शेजारी शेजारी, आणि आंबिलीची घागर माझ्या मांडीवर. कंडक्टरनं वाकून बघितलं. “अक्का, आजारी हाय का कोन?”

“व्हय. दोघं बी लई नाजूक हायत. हळू चालव म्हनावं.”

ड्रायव्हरनं खरंच हळू चालवली.

निर्ण्याच्या रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी होती. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. नणंद आली होती. आणि साडी नवी असली तरी राग जुना असलेल्या विहीणबाईही उदगीरहून आल्या होत्या, येळवशीचं बोलावणं कुणी टाळत नाही म्हणून. मग अक्कांनी पदर खोचला आणि त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

मला वाटलं होतं त्या उभ्या राहून विचारतील. जेवता का? नको. बरं. पण उसाचा एक ट्रॅक्टर दुरून येत होता, अक्का सरळ त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला.

“उतरा. जेवायचं.”

“नको अक्का, कारखान्यात लाईन लागती. जेवून आलाव आमी.”

“कुठं जेवलास? काय जेवलास? दाखव हात.” त्यांनी त्याचा हात खरंच नाकाला लावला. “डिझेल जेवलास का? उतर.”

मागं उसावर बसलेली बीडकडची दोन ऊसतोडवाली माणसं आणि एक बाई होती. ती बाई हसून म्हणाली, “न्हाई मावशी, भूक न्हाई.” अक्कांनी तिचं मनगट धरलं आणि खाली उतरवलंच. सायकलवाला अडवला, शेळ्यावाली अडवली, मोटारीतून चाललेलं एक जोडपं अडवलं. ‘नको’ हा शब्द त्या दिवशी त्यांच्या कानात शिरतच नव्हता.

मी वाढताना त्यांना विचारलंच. “अक्का, घरी एकदा नको म्हटलं की बरं म्हणता, आणि इथं ट्रॅक्टर अडवता?”

अक्का भज्जीत पळी फिरवत राहिल्या. “घरी येतंय ते मानूस पोट भरून येतंय. चहा न्हाई मिळाला तर मरतंय का?” मग म्हणाल्या, “मोठ्या दुष्काळात माझी अव्वा मला घेऊन खडी फोडायला चालली होती. असाच रस्ता, अशीच येळवस. एका रानातनं मानसानं हाक मारली, बाई, जेवून जा. अव्वा म्हनली, नको, जेवून आलाव.” पळी थांबली. “त्यो म्हनला, बरं.”

माझी आई डोळ्यांसमोर आली, हसून ‘नको’ म्हणणारी. मला रडू आलं, आणि मी ते चिंचेवर ढकललं.

“तू बस जेवायला,” अक्का म्हणाल्या.

“नको, मी नंतर,” माझ्या तोंडून निघालंच.

“इथं न्हाई चालत ते,” म्हणून त्यांनी मला पंगतीत दाबून बसवलं, विहीणबाई आणि ऊसतोडवाली बाई यांच्या मध्ये. बांधाच्या अलीकडं नव्हे. विहीणबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं, आडनाव पुन्हा विचारलं नाही, आणि जरा सरकून जागा केली.

उन्हं कलायला लागली तेव्हा मुलगा आला. खांद्याला मोठी बॅग, दाढी वाढलेली. टाकी पेटवून बघायला माणूस एवढं सामान घेऊन येत नाही. रस्त्यावरच उभा राहून म्हणाला, “चल अव्वा, घरी जाऊ.”

“आधी जेव.”

“मला नको. हुमनाबादला खाल्लंय मी.”

अक्का त्याच्याकडं नुसत्या बघत राहिल्या. सगळा दिवस ट्रॅक्टर अडवून आलेला तो आवाज एकदम खाली आला. “कवा गेली नोकरी?”

त्यानं बॅग खांद्यावरून खाली ठेवली. अक्कांनी त्याचं मनगट धरलं, ऊसतोडवालीचं धरलं होतं तसंच, आणि त्याला कोपीत आणून बसवलं. पातेल्याच्या तळाशी राहिलेली भज्जी सगळी त्याच्या ताटात गेली. “वाढू का जावईबापू?” विहीणबाईंनी विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, “नको.” विहीणबाईंनी अक्कांकडं बघितलं, आणि दुसरी भाकरी वाढली. तो खाली मान घालून जेवत राहिला. चांगलाच भुकेला होता.

अंधार पडायच्या बेताला आम्ही घरी पोचलो. पैज कुणाच्या लक्षात राहिली नव्हती, अक्कांना सोडून. “पेटव,” त्या म्हणाल्या. मुलानं बटण फिरवलं, काडी लावली. ज्योत आली. बारीक, पण निळी. तो शेगडीसमोर उभा राहून तिच्याकडं बघत राहिला.

“अव्वा, दुसरी नोकरी मिळंपर्यंत म्या हितंच ऱ्हाऊ का?”

अक्का गोधड्या उलगडून ज्याची त्याची वेगळी करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “चहा किती येळा पितोस?”

“चार.”

“दोनदा मिळंल.”

तो हसला, आल्यापासून पहिल्यांदा. अक्का उठल्या, शेगडीजवळ गेल्या आणि मान वाकडी करून मला म्हणाल्या, “पेटलीच हाय तर चहा करू का गं तुला?”

प्रवासानं घसा सुकला होता. मी आयुष्यात कधी चहासाठी इतकी आसुसले नसेन. पण तोंडाला कोण आवरणार?

“नको.”

“बरं,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.